मर्यादित पैशांत छोटी क्रॉसओव्हर: नवी बेस मॉडेल घ्यावी की चार वर्षे वापरलेली थोडी मोठी?

पायवाट

नमस्कार. आमच्याकडे अकरा वर्षे वापरलेली एक हॅचबॅक आहे. इंजिनाबद्दल तक्रार नाही, पण दोन कारणांमुळे ती आता बदलावी लागणार आहे. पहिले कारण म्हणजे आईचे गुडघे. गाडीत बसताना तिला जवळजवळ खाली पडल्यासारखे बसावे लागते आणि उतरताना कोणीतरी हाताला धरून ओढल्याशिवाय उठता येत नाही. दुसरे कारण रस्ता. घरापर्यंतचा शेवटचा दीड किलोमीटर कच्चा असून त्यात पाण्याच्या पाइपावर मातीचा एक उंचवटा घातलेला आहे, आणि गाडीत चौघे बसले की नेमके तिथे गाडीचे पोट घासते.

हाताशी असलेल्या पैशांत दोन पर्याय बसतात. एक नवी छोटी क्रॉसओव्हर आहे, पण सर्वांत स्वस्त मॉडेल: टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) नसलेले १.२ लिटरचे साधे पेट्रोल इंजिन, पाच गिअर, हाताने बदलायचे. दुसरी एक आकार मोठी असलेली, चार वर्षे वापरलेली आणि ६२,००० किलोमीटर चाललेली क्रॉसओव्हर आहे. तिला १ लिटरचे तीन सिलिंडरचे टर्बो इंजिन, ड्युअल क्लच (दोन क्लचांचा) ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, सनरूफ आणि १८ इंची चाके आहेत. आमचे वर्षाचे चालणे १०,००० किलोमीटरच्या आसपास असते. त्यातल्या बहुतेक फेऱ्या सहा-सात किलोमीटरच्या असतात, लांबचे प्रवास वर्षातून दोनच. गाडी आठ-दहा वर्षे ठेवायची आहे आणि कर्ज काढायचे नाही. मन दुसऱ्या गाडीकडे ओढ घेते हे प्रामाणिकपणे सांगतो. शिवाय कच्च्या रस्त्यासाठी चारही चाकांना ताकद देणारी गाडीच शोधावी का, हाही प्रश्न आहे.

मोजपट्टी

आपल्या दोन्ही अडचणी उंचीच्या आहेत, परंतु त्या दोन वेगवेगळ्या उंचींच्या आहेत, आणि गाडी विकणारे त्या दोन्हींची सरमिसळ करून एकच गोष्ट असल्यासारखी विकतात. क्रॉसओव्हर म्हणजे मुळात साध्या गाडीच्याच बांधणीवर उंच केलेली गाडी. टोयोटाने १९९४ साली आरएव्ही४ आणली, तेव्हा वेगळ्या शिडीसारख्या चासीऐवजी एकसंध सांगाडा आणि साध्या गाड्यांचेच बरेचसे भाग वापरले होते. २०१० साली आलेली डस्टरसुद्धा लोगान या साध्या सेदानच्या बांधणीवरच बेतलेली होती. त्यामुळे ‘क्रॉसओव्हर’ हा शब्द वाचून आईंना बसता येईल किंवा पोट घासणार नाही, यांपैकी एकही गोष्ट गृहीत धरू नये.

आधी सीटची उंची पाहू. घरातल्या ज्या खुर्चीवरून आई हाताचा आधार न घेता उठतात, त्या खुर्चीची जमिनीपासूनची उंची मोजा. मग प्रत्येक गाडीचे दार उघडून सीटच्या बाहेरच्या कडेची उंची, कोणी बसलेले असताना, मोजा. जी गाडी खुर्चीच्या मापाजवळ किंवा थोडी वर येईल ती योग्य. फार उंच सीटही चालत नाही, कारण पाय जमिनीला टेकत नसतील तर उतरताना घसरत यावे लागते, आणि ते दुखऱ्या गुडघ्याला बसण्या-उठण्यापेक्षाही वाईट. दाराखालच्या उंबऱ्याची रुंदीही विसरू नका. काही गाड्यांत तो इतका रुंद असतो की पाय जमिनीवर ठेवण्यासाठी आधी गुडघा बाहेर ताणावा लागतो. माहितीपत्रकात ही मापे बहुधा नसतात, म्हणून टेप आणि आई, दोघांनाही सोबत न्या.

आता ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटापासून जमिनीपर्यंतचे अंतर. छापलेला आकडा बहुतेकदा रिकाम्या गाडीचा असतो. चौघे आणि सामान बसल्यावर गाडी दोन-तीन सेंटिमीटर सहज खाली बसते, आणि जुन्या स्प्रिंगांवर त्याहूनही जास्त. शिवाय उंचवट्यावर पोट घासणे हे केवळ क्लिअरन्सवर ठरत नाही, पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतरावरही ठरते. हे अंतर म्हणजेच व्हीलबेस जितका लांब, तितका उंचवटा पोटाशी जास्त जवळ येतो, म्हणून क्लिअरन्स सारखा असलेल्या दोन गाड्यांपैकी मोठी गाडी घासते आणि छोटी निसटून जाते.

हे घरीच मोजता येते. दोन काठ्या घ्या, दोन्हींवर जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर खूण करून त्या खुणांना दोरी बांधा. काठ्यांमधले अंतर गाडीच्या व्हीलबेसइतके ठेवा, म्हणजे छोट्या गाडीसाठी अडीच मीटर. एक काठी उंचवट्याच्या अलीकडे आणि एक पलीकडे उभी करून दोरी ताणा, दोरीपासून मातीच्या माथ्यापर्यंतचे अंतर मोजा आणि ते ३० मधून वजा करा. उरेल तेवढा क्लिअरन्स भरल्या गाडीला हवा, वर दोन बोटे जास्त धरा. माझ्या अनुभवात जाहिरातीतल्या आकड्यांवरचे सगळे वाद या दोरीने पंधरा मिनिटांत मिटतात.

काळे हात

मी व्यवसायाने गाड्या दुरुस्त करतो, म्हणून फक्त बॉनेटखालचे बोलतो.

सहा-सात किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिनातले पाणी तापते, पण ऑइल पूर्ण तापायच्या आत गाडी बंद होते. मग जळलेल्या पेट्रोलची वाफ आणि थोडे न जळलेले पेट्रोल ऑइलमध्ये साठत राहते. साधे इंजिन हे बऱ्यापैकी सहन करते. छोट्या टर्बो इंजिनाला मात्र पातळ झालेले ऑइल मानवत नाही, कारण टर्बोचा दांडा त्याच ऑइलच्या थरावर फिरत असतो. त्यातून पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये उडवणारे इंजिन असेल, तर इनटेक वाल्व्हवर काजळी साचते, कारण तिथे ती धुऊन नेणारा पेट्रोलचा फवारा पोहोचतच नाही. अशा इंजिनाचे ऑइल किलोमीटर मोजून नव्हे, महिने मोजून बदलावे लागते. आणखी एक चौकशी जरूर करा. काही लहान टर्बो इंजिनांत टायमिंग बेल्ट (इंजिनाचे वाल्व्ह वेळेवर उघडणारा पट्टा) ऑइलमध्येच बुडालेला असतो. चुकीचे किंवा जुने ऑइल राहिले तर बेल्टाचे रबर सुटते आणि ते कण ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात. मालकाने ऑइलची हेळसांड केलेली असेल, तर तो भुर्दंड नव्या मालकाच्या माथी येतो.

गिअरबॉक्सविषयी सांगायचे तर ‘ऑटोमॅटिक’ हा एकच पदार्थ नाही. द्रवातून ताकद पोहोचवणारा टॉर्क कन्व्हर्टरचा, ठरावीक गिअर नसलेला सीव्हीटी, क्लच यंत्राने दाबणारा एएमटी आणि ड्युअल क्लच या चारही प्रकारांचे स्वभाव वेगळे आहेत. ड्युअल क्लचमध्येही कोरडा आणि ऑइलातला असे दोन भेद आहेत. कोरडा क्लच रांगत चालणाऱ्या गर्दीत आणि चढावर तापतो, आणि छोट्या गाड्यांत बहुधा तोच असतो. ६२,००० किलोमीटर त्याने कुठे काढले हे मीटर सांगत नाही. मोकळ्या महामार्गावरचे असतील तर उत्तम, गर्दीतले असतील तर क्लचचा खर्च अगदी जवळ आलेला असू शकतो.

मागे एका गृहस्थांनी अशीच एक गाडी तपासायला आणली होती. बॉनेट उघडले तर आत आरशासारखी चकाचक. मला इंजिन इतके चकचकीत दिसले की आधी शंका येते, कारण धुऊन घेतल्यावर गळती कुठून होती ते कळत नाही. ऑइल भरायचे झाकण काढून बॅटरीचा उजेड आत टाकला, तर वाल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर (कॅमशाफ्टवर) डांबरासारखा तपकिरी थर होता. सर्व्हिस बुकात दोन नोंदींमध्ये सव्वीस महिन्यांचे अंतर होते. टायर मात्र नवे दिसत होते, म्हणून त्यांच्या कडेवरचे चार अंक वाचले: २३१९, म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. तेव्हा ते टायर सहा वर्षांचे झाले होते, नुसते काळे रंगवलेले. त्यांनी ती गाडी घेतली नाही.

१८ इंची चाकांविषयी थोडक्यात: कच्च्या रस्त्यावर पातळ कडेचा टायर म्हणजे रिमला बसणारा थेट दणका, आणि चार टायर बदलायची वेळ येते तेव्हा १६ इंचीच्या तुलनेत खिशालाही दणका. वापरलेली गाडी घेणार असाल, तर किमतीच्या किमान एक दशांश इतकी रक्कम बाजूला ठेवूनच बोलणी करा. ऑइल, कुलंट, ब्रेकचे द्रव, बॅटरी आणि टायर यांपैकी काहीतरी पहिल्याच वर्षी निघते.

तिसरी बाजू

वरच्या दोन्ही उत्तरांशी बव्हंशी सहमत आहे, पण क्रॉसओव्हरच हवी का, हा प्रश्न कोणी विचारला नाही म्हणून विचारतो. त्याच बांधणीवरची हॅचबॅक वजनाने हलकी असते, वाऱ्याला कमी अडवते आणि त्यामुळे पेट्रोलही कमी पिते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून हा फरक लांबच्या प्रवासात जास्त जाणवतो, आणि शहरातल्या छोट्या फेऱ्यांत वजन नडते. आपल्या बाबतीत आईंचे गुडघे आणि तो उंचवटा ही दोन्ही कारणे खरी आहेत, त्यामुळे माझा आक्षेप मी मागे घेतो; पण केवळ रुबाबासाठी उंच गाडी घेणाऱ्यांनी हा हिशेब जरूर करावा.

चारही चाकांना ताकद देणारी गाडी मात्र अजिबात शोधू नये. या वर्गातल्या बहुतेक गाड्यांत ती व्यवस्था पुढची चाके घसरू लागल्यावर मागच्यांना जोडणारी असते. तिचा जास्तीचा दांडा आणि मागचा डिफरन्शियल यांचे वजन कायम वाहावे लागते, डिकीची जागा कमी होते, आणि चारही टायर जवळजवळ सारखे झिजलेले असावे लागतात, म्हणजे एक टायर फाटला तर कधी कधी दोन किंवा चार घ्यावे लागतात. ब्रेक लावताना तिचा काहीही उपयोग नाही, तिथे टायरची पकड हेच सर्व काही असते. दीड किलोमीटर कच्च्या रस्त्यासाठी चांगल्या नक्षीचे टायर पुरेसे आहेत.

नव्या बेस मॉडेलविषयी एकच धास्ती आहे. किंमत खाली आणताना नेमके काय काढले आहे ते पाहा. रेडिओ, मिश्रधातूची चाके, मागचे आर्मरेस्ट नसले तर बिघडत नाही. परंतु गाडी घसरताना सावरणारी ईएससी यंत्रणा, खिडक्यांवर उलगडणारी पडदा एअरबॅग आणि मागच्या मधल्या प्रवाशाला तीन बिंदूंचा पट्टा नसेल, तर ती बचत नव्हे. अपघात चाचणीचे तारे वाचतानाही ते कोणत्या वर्षाचे आणि कोणत्या मॉडेलचे आहेत हे पाहावे. गाड्यांची अपघात चाचणी घेणाऱ्या युरो एनकॅप या युरोपीय संस्थेने १९९७ मध्ये निकाल जाहीर करायला सुरुवात केल्यापासून कसोट्या वेळोवेळी कडक होत गेल्या आहेत, त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचे पाच तारे आणि आजचे पाच तारे एका तराजूत घालता येत नाहीत. माझ्या मते आपल्या दोन पर्यायांच्या मधला पर्याय शोधावा: तीच छोटी गाडी, दोनेक वर्षे वापरलेली, मधले मॉडेल. नवी गाडी पहिल्या एक-दोन वर्षांत सर्वांत वेगाने किंमत गमावते. तो तोटा दुसऱ्या कोणाला तरी सोसू द्या.

पायवाट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शनिवारी दोरी, काठ्या आणि टेप घेऊन निघालो तेव्हा घरच्यांनी थट्टा केली, पण निकाल पाहून गप्प झाले.

आई ज्या खुर्चीवरून सहज उठते ती ५६ सेंटिमीटरची निघाली. जुन्या हॅचबॅकची सीट ४९, नव्या छोट्या क्रॉसओव्हरची ५९ आणि मोठ्या वापरलेल्या गाडीची ६७. मोठ्या गाडीत आई चढली ती वरच्या मुठीला लोंबकळत, आणि उतरताना तिचा पाय जमीन शोधत हवेतच राहिला. “ही कोणासाठी घेतोस?” एवढेच ती म्हणाली. छोट्या गाडीत मात्र ती आपली आपण बसली आणि उठली, दोनदा.

उंचवटा अडीच मीटरच्या अंतरात १५.५ सेंटिमीटर आणि मोठ्या गाडीच्या व्हीलबेसला १६.५ सेंटिमीटर भरला. छोटीचा छापील क्लिअरन्स १९ असल्याने तीन सेंटिमीटर खाली बसली तरी ती काठावर निसटते. चौघांना बसवून सावकाश नेली, घासली नाही. मोठीचा आकडा १८ आहे, म्हणजे ती दिसायला उंच असूनही चौघांसह घासणार. मन जिकडे ओढत होते तिकडचा प्रश्न असा आपोआप निकाली निघाला.

‘तिसरी बाजू’ यांच्या सल्ल्याप्रमाणे तीच छोटी गाडी, मधले मॉडेल, दोन वर्षे वापरलेली, २१,००० किलोमीटर चाललेली आणि १६ इंची चाकांची मिळते आहे. ईएससी आहे, पडदा एअरबॅगही आहेत. रविवारी सकाळी पाहायला जायचे आहे. ‘काळे हात’ यांना विनंती, नेमके काय पाहू?

काळे हात

मालकांना आदल्या दिवशीच सांगा की आपण येईपर्यंत इंजिन सुरू करू नये. पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून ते थंड आहे ना ते पाहा, कारण टायमिंगच्या साखळीचा खडखडाट आणि झिजलेल्या इंजिनाचा निळा धूर पहिल्या काही सेकंदांतच दिसतो, इंजिन तापल्यावर नाही. सुरू करण्याआधी ऑइलची पट्टी आणि कुलंटची टाकी पाहून घ्या. कुलंटवर तेलकट तवंग असेल तर पुढचे काहीच पाहू नका.

मग चालवताना तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये कमी वेगावरून एकदम ॲक्सिलरेटर दाबा. आवाज वाढला आणि वेग वाढला नाही, तर क्लच संपला आहे. मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग हलके सोडून गाडी एका बाजूला जाते का ते पाहा. चारही टायरांवरचे अंक वाचा, स्टेपनीचेसुद्धा: दोन वर्षांच्या गाडीची स्टेपनी गाडीहून फार जुनी किंवा बाकीच्या चार टायरांची तारीख अलीकडची असेल, तर त्याचे कारण विचारा. शेवटी डिकीतला गालिचा उचलून स्टेपनीच्या खड्ड्यातला पत्रा बघा. तिथल्या जोडांवरचा सीलंटचा मसाला सरळ आणि दोन्ही बाजूंना सारखा असायला हवा. एका बाजूला तो हाताने लावल्यासारखा ओबडधोबड दिसला, तर गाडीला मागून ठोकर बसलेली आहे, मालक काहीही म्हणोत.