परिसीमन, सीमांकन की पुनर्रचना? लोकसभेच्या मतदारसंघांसाठी नेमका शब्द कोणता

बातम्यांत सध्या 'परिसीमन' इतकं ऐकू येतंय की परवा आईनं विचारलं, हे परिसीमन म्हणजे काय गं. मी पटकन सांगितलं, लोकसभेच्या मतदारसंघांच्या हद्दी नव्यानं ठरवणं. तर ती म्हणाली, मग त्याला पुनर्रचना म्हणायचे की, २००९ च्या निवडणुकीला सगळे पुनर्रचनाच म्हणत होते. आणि खरंच, मलाही तेच आठवतंय. मी भाषांतराची कामं करते, मागच्या आठवड्यात तपासायला आलेल्या एका लेखात परिसीमन, सीमांकन, पुनर्रचना, फेररचना असे चार शब्द होते आणि चारही 'डीलिमिटेशन'साठीच. वाचणाऱ्याला वाटणार चार वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय परिसीमन म्हटलं की माझ्या कानाला आधी 'परिसीमा' ऐकू येते, क्रौर्याची परिसीमा, सहनशक्तीची परिसीमा, म्हणजे अगदी शेवटचं टोक. मतदारसंघाशी त्याचा काय संबंध लागतो? जाणकारांनी सांगावं, यातला कुठला ठेवू.

*

ताई, मी भूकरमापक होतो, आता निवृत्त. शब्दाचा अभ्यासक नाही पण हद्दीचा आहे म्हणून लिहितो. मूळ संस्कृत शब्द सीमन्, त्याचीच सीमा, आणि आपल्या बोलीत झाली शीव. गावाची शीव, मुंबईतलं शीव स्टेशन तेच, मुंबई बेट तिथं संपायचं आणि साष्टी सुरू व्हायची. परि म्हणजे सभोवार, त्यामुळे परिसीमन म्हणजे चहूबाजूंनी सीमा घालणं. अर्थ बरोबर आहे, फक्त हिंदीत तो पूर्वीपासून रुळलाय आणि आपल्याकडे हिंदी बातम्यांमागून आलाय.

सीमांकन मात्र मी वापरणार नाही. अंकन म्हणजे खूण करणं. आमच्याकडे 'हद्द कायम' मोजणी असायची, म्हणजे हद्द कुठं आहे ते नकाशात आधीच ठरलेलं असतं, आम्ही जायचं, मोजायचं आणि जागेवर खुणा दाखवायच्या. दोन देशांची हद्दसुद्धा आधी कागदावर ठरते आणि मग तिथं खांब रोवतात, ते खांब रोवणं म्हणजे सीमांकन. मतदारसंघाला कोणी खांब रोवत नाही. मतदारसंघ नव्यानं ठरवणारा २००८ चा आदेश बघा, त्यात रेषा नाहीतच, अमुक तहसील पूर्ण, तमुक तहसिलाचा भाग, त्यातली ही ही महसूल मंडळं, असं लिहिलंय. म्हणजे ती नावांची यादी आहे.

*

सरांचा यादीचा मुद्दा एकदम पटला. मी फलटणचा. जिल्हा सातारा, कलेक्टर साताऱ्याचा, कोर्टकचेरी सातारला, पण खासदार माढ्याचा. करमाळा, माढा, सांगोला, माळशिरस हे चार सोलापूर जिल्ह्यातले आणि फलटण, माण हे दोन आमच्याकडचे, मिळून माढा लोकसभा. आमच्याकडं कोणी परिसीमन म्हणत नाही आणि पुनर्रचनापण नाही म्हणत. आम्ही म्हणतो 'फलटण माढ्यात गेलं'. गाव जागचं हललं नाही, तरी गेलं म्हणायचं. पनवेलचा मित्र पण तसंच म्हणतो, 'आम्ही मावळात गेलो', पनवेल, कर्जत, उरण घाटाखाली, मावळ, पिंपरी, चिंचवड घाटावर, आणि सगळे मिळून एक खासदार, मध्ये सह्याद्री उभाय. जायचं, यायचं, तुटायचं, जोडायचं, असे शब्द आहेत आमचे. आमचा तालुका तुटला असं म्हणतात तेव्हा त्यात दुःख पण असतं, ते परिसीमन म्हटल्यावर येत नाही.

*

'तुटलं' आणि 'गेलं', हे दोन्ही लिहून घेतले, दादा. आणि तुमचं वाचताना एक लक्षात आलं म्हणून पुन्हा लिहितेय. हिंदीत म्हणतात निर्वाचन क्षेत्र. क्षेत्र म्हणजे जमिनीचा तुकडा, त्याला सीमा असतेच, म्हणून परिसीमन तिथं शोभतं. मराठीत आपण म्हणतो मतदारसंघ. संघ म्हणजे एकत्र आलेली माणसं! क्रिकेटचा संघ, कामगारांचा संघ, तसा मतदारांचा संघ. आपल्या शब्दात जमीन नाहीच, नुसती माणसं आहेत. आणि संघाला कोणी सीमा घालत नाही, संघ रचतात, बांधतात, फोडतात. म्हणून 'पुनर्रचना' कानाला बरोबर लागत असणार, आणि महापालिकेला 'प्रभागरचना', जिल्हा परिषदेला 'गट-गण रचना' असंच आपण म्हणतो ना, कुठंही परिसीमन नाही. मला तर वाटतं विषय इथंच संपला, पुनर्रचना ठेवावं.

*

विषय संपला नाही ताई, खरा घोळ पुढेच आहे. मी नागरिकशास्त्र शिकवतो आणि दरवर्षी वर्गात हाच गुंता सोडवायला लागतो. डीलिमिटेशनच्या पोटात दोन कामं आहेत. एक, कुठल्या राज्याला लोकसभेच्या किती जागा. दुसरं, त्या राज्याच्या आत कुठल्या मतदारसंघात कुठला भाग. राज्यघटनेच्या अनुच्छेद ८२ मध्ये ही दोन्ही वेगवेगळी सांगितलीत, राज्यांना जागा नेमून देणं आणि राज्याची मतदारसंघांत विभागणी करणं. अमेरिकेत तर दोन वेगळे शब्दच आहेत, ४३५ जागा राज्यांमध्ये वाटणं ते रीअपोर्शनमेंट, आणि राज्यात रेषा आखणं ते रीडिस्ट्रिक्टिंग. आपण दोन्हीला एकच शब्द लावतो, आणि मग वाक्यं चुकतात.

आता हे वाक्य बघा, असं सर्रास छापून येतं: 'परिसीमन १९७६ पासून गोठवलेलं आहे.' हे चूक आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं दोन्ही कामं थांबवली, २००० नंतरची पहिली जनगणना येईपर्यंत. मग २००१ ची ८४ वी घटनादुरुस्ती आली, तिनं राज्यांच्या जागा १९७१ च्या लोकसंख्येवरच ठेवल्या, २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत, पण राज्याच्या आतल्या हद्दी बदलायला वाट मोकळी केली. आधी त्यासाठी १९९१ ची जनगणना धरली होती, २००३ च्या ८७ व्या दुरुस्तीनं २००१ ची धरली. मग न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या आयोगानं काम केलं, २००८ ला आदेश निघाला, त्यात महाराष्ट्राच्या जागा ४८ च राहिल्या, पण आत केवढी उलथापालथ झाली! राजापूर गेलं, कराड गेलं, इचलकरंजी, एरंडोल, खेड, कोपरगाव, डहाणू ही नावंच लोकसभेतून गेली, आणि तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्यात ठाणे आणि डहाणू असे दोन होते तिथं पालघर, भिवंडी, कल्याण, ठाणे असे चार झाले. मग गोठलं होतं काय आणि हललं काय? राज्यांचा वाटा गोठलेला होता, हद्दी हलल्या. एक शब्द वापरला की हे सांगताच येत नाही.

तसंच 'परिसीमन २०२६ ला होणार' हेही चुकतं. २०२६ हे वर्ष फक्त मर्यादा म्हणून लिहिलंय, त्यानंतरची पहिली जनगणना लागते. आणि दक्षिणेकडच्या राज्यांची काळजी आहे ती पहिल्या कामाची आहे, हद्दींची नाही. तमिळनाडूला ३९ जागा, केरळला २०, उत्तर प्रदेशला ८०, हे सगळं १९७१ च्या जनगणनेवर. ज्यांनी कुटुंब नियोजन मनावर घेतलं त्यांचा वाटा कमी होणार का, हा प्रश्न आहे. त्याला 'पुनर्रचनेला विरोध' म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं हे हद्दींवरनं भांडताहेत.

*

सर, हे मला शेतावर लगेच कळलं बघा. भावाभावांत वाटणी होते तेव्हा आधी ठरतं कोणाला किती एकर, ती वाटणी. मग बांध कुठून जाणार ते ठरतं. आम्हाला मोजणीला बोलवायचे ते वाटणी ठरल्यावर. कैक वेळा असं बघितलंय की वाटणीवर दोघं राजी, बांधावरनं मात्र कोर्टात, आणि उलटंही, बांध जुनाच ठेवलाय पण धाकट्याला वाटतंय वाटा कमी आला. भांडणं वेगवेगळी. तेव्हा राज्यांमधली ती 'वाटणी' आणि राज्याच्या आतली ती 'आखणी' म्हणा, शेतकऱ्यालाही समजेल.

*

वाटणी आवडलं, पण घाईत कोणी 'जागावाटप' करू नका हं. जागावाटप हा शब्द युती-आघाडीनं कधीच घेतलाय, कुठल्या पक्षानं किती जागा लढवायच्या त्याला. 'लोकसभेच्या जागावाटपावरून दक्षिणेत नाराजी' असा मथळा दिला तर माणूस समजणार तिकिटांचा घोळ आहे. 'राज्यवार वाटणी' असं पूर्ण लिहावं.

पुनर्रचनेबद्दल माझी पण एक अडचण आहे. राज्य पुनर्रचना आयोग, १९५३ चा, भाषावार राज्यांचा, तो महाराष्ट्राच्या मनात इतका घट्ट बसलाय की नुसतं 'पुनर्रचना आयोग' म्हटलं तर पन्नाशीच्या पुढचा माणूस तिकडंच जातो. म्हणून कायम 'मतदारसंघ पुनर्रचना' असं जोडूनच म्हणावं, किंवा फेररचना.

आणि ते जेरीमँडरिंग, म्हणजे आपल्या पक्षाच्या फायद्याच्या हद्दी आखणं, त्याला काय म्हणायचं? १८१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्या काळात एक मतदारसंघ असा वेडावाकडा आखला की तो सॅलमँडरसारखा, म्हणजे पालीसारख्या दिसणाऱ्या एका प्राण्यासारखा, दिसत होता, गेरी आणि सॅलमँडर जोडून हा शब्द. मी 'कावेबाज आखणी' लिहून बघितलं पण जड वाटतं.

*

त्याला आपल्याकडे शब्द आहे की, 'सोयीची रचना'. प्रारूप प्रभागरचना जाहीर झाली आणि हरकती-सूचना सुरू झाल्या की पहिली ओळ हीच असते, सत्ताधाऱ्यांच्या सोयीची प्रभागरचना केली. सोयीची म्हटलं की मराठी माणसाला बरोबर कळतं कोणाची सोय. लोकसभेला आयोग स्वतंत्र असतो आणि त्याचा आदेश संसदेपुढे ठेवला तरी संसद त्यात बदल करू शकत नाही, त्यामुळे तिथं हा शब्द जपून वापरावा, पण शब्द तोच.

अनंतनाग-राजौरीचं उदाहरण पण देऊन ठेवतो, २०२२ ला जम्मू-काश्मीरसाठी न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या आयोगानं पीर पंजाल डोंगररांगेच्या अलीकडचा आणि पलीकडचा भाग एका लोकसभा मतदारसंघात जोडला. तिथल्या जागा पाचच्या पाचच राहिल्या. म्हणजे वाटणी तीच, आखणी नवी. नागरिकशास्त्राच्या सरांचं म्हणणं दोन ओळींत सांगता येतं ते असं.

*

सगळ्यांचे मनापासून आभार. पुनर्रचनेवर विषय संपवायला निघाले होते ती माझी चूकच झाली असती. त्या लेखात मी आता असं केलंय: आयोगाच्या आणि कायद्याच्या नावात परिसीमन राहू दिलं, नाव आहे ते बदलत नाही. सीमांकन सगळीकडून काढलं. राज्याच्या आतल्या कामाला मतदारसंघ पुनर्रचना, आणि राज्यांमधल्या कामाला लोकसभेच्या जागांची राज्यवार वाटणी. लेखातलं मूळ वाक्य होतं 'परिसीमन १९७६ पासून गोठवले असून ते आता २०२६ मध्ये होईल', ते आता असं झालंय: 'लोकसभेच्या जागांची राज्यवार वाटणी अजून १९७१ च्या जनगणनेवरच आहे, मतदारसंघांची पुनर्रचना मात्र २००८ मध्ये झाली, पुढची वाटणी २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेनंतर होऊ शकेल.' लांबलं, पण खरं आहे. आईला वाचून दाखवलं तर म्हणाली आता कळलं, आणि लगेच विचारलं की मग महिलांचं आरक्षण यातल्या कशानंतर येणार. १०६ वी घटनादुरुस्ती काढून बघितली, तिथं जनगणना आणि त्यानंतरचं डीलिमिटेशन असंच आहे, तेव्हा ते वाक्य मराठीत लिहिताना मी 'परिसीमन'च ठेवलंय. तिथं कोणाला याहून नेमकं सुचत असेल तर सांगा.