टॉर्च कुठंय? गाडीतून कुटुंबासोबत कॅम्पिंगला जाताना सामान कसं भरता?

मागच्या सहलीत मुक्कामाच्या जागी पोचेपर्यंत अंधार पडला होता आणि वर भुरभुर पाऊस. डिकी उघडली. निघताना ती मी इतकी चपखल भरली होती की शेजाऱ्यांना बोलावून दाखवावी असं वाटत होतं. बोट जाईल एवढी फट नव्हती कुठे. आता हवा होता तंबू, आणि तो सगळ्यात तळाशी, कारण सगळ्यात जड तोच. त्याच्यावर कपड्यांच्या बॅगा, त्यावर अंथरुणं, त्यावर खाण्याची खोकी. हे सगळं काढून चिखलात मांडायला आधी उजेड लागणार, आणि टॉर्च होता तंबूच्याच पिशवीत. 'विसरायला नको' म्हणून मीच तिथे ठेवलेला! मागच्या सीटवरून धाकटा दर मिनिटाला विचारत होता, "आई, आपण घरी कधी जायचं?"

डिकीत सामान काय, कोंबलं की मावतं. पोचल्यावर पहिल्या अर्ध्या तासात काय हाताला लागतं, त्यावर पुढची रात्र ठरते, हे त्या दिवशी कळलं. आता मी उलटी भरते. ताडपत्री, तंबू, खुंट्या, हातोडी, टॉर्च, पाण्याची एक बाटली, खाऊचा डबा आणि ओले पाय पुसायला एक जुना टॉवेल हे सगळ्यात शेवटी, डिकीच्या तोंडाशी. बाकी कशालाही हात न लावता तंबू उभा राहिला पाहिजे, हा नियम.

पण घोळ संपलेला नाही. काही सापडेना झालं की अजूनही तिघं माझ्याकडेच बघतात. तुम्ही काय करता? फजित्यांसकट लिहा.

जुळ्यांचा बाबा

आमचा सगळा संसार झाकणाच्या पारदर्शक पेट्यांत. एक स्वयंपाकाची, एक उजेड आणि अवजारांची, एक झोपण्याची. चौथी 'बाकीचं' नावाची होती, ती मी बंद केली. कारण कंटाळा आला की प्रत्येक वस्तू 'बाकीचं'मध्ये जाते आणि तिथून परत येत नाही.

दोन चुका सांगतो. पहिली पेटी मी ८० लिटरची आणली. रिकामी असताना फार रुबाबदार दिसायची. भरल्यावर उचलायला दोन माणसं लागायची, आणि त्यातला एक नेहमी म्हणायचा, "थांब, माझी बोटं." आता ४० लिटरच्या दोन आहेत. दुसरी चूक मोजमापाची. डिकीची रुंदी मी वरच्या कडेला मोजली. खाली दोन्ही बाजूंना चाकांचे उंचवटे आत येतात, हे पेट्या घरी आणल्यावर दिसलं. तीन पेट्या शेजारी-शेजारी बसणार होत्या, त्या दोनच बसल्या. तेव्हापासून हॉलच्या फरशीवर कागदी चिकटपट्टीने डिकीचा तळ आखतो, उंचवट्यांसकट, आणि आदल्या रात्री तिथे रंगीत तालीम. बायको हसते, हसू दे.

स्वयंपाकाच्या पेटीतलं काहीही घरात वापरायचं नाही, हे मात्र लाखमोलाचं. जुनी पातेली, जुनी सुरी, लायटर, कॅन ओपनर, भांडी घासायचा स्पंज, सगळं कायम त्या पेटीतच. घरातून 'तात्पुरतं' काही घेतलं की ते एकतर घरी राहतं, नाहीतर परत येताना जंगलात.

छोट्या गाडीवाली

पेट्या मोठ्या गाडीवाल्यांना लखलाभ. आमची हॅचबॅक, माणसं चार. टणक पेटीच्या आजूबाजूला हवाच वाहून न्यायची असते. आमच्याकडे शेगडी आणि भांडी एवढीच पेटीत, बाकी सगळं मऊ पिशव्यांत. मऊ पिशवी कोपऱ्यात घुसते, वाकते, दुसरीच्या कुशीत बसते. प्रत्येकाच्या पिशवीला एक रंग, त्यामुळे "माझे मोजे?" याला एकच उत्तर, "तुझा रंग बघ." स्लीपिंग बॅगा मुलांच्या पायाखाली. एरवी त्यांचे पाय लोंबकळतात आणि पुढच्या सीटला लाथा बसतात, आता टेकतात. एका पिशवीत दोन फायदे, आणि पाठीला आराम तो वेगळाच.

चालवणारा

तुम्ही सगळे जागेबद्दल बोलताय, मला वजनाबद्दल बोलू द्या.

टपावरच्या सामानाची मर्यादा गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. बऱ्याच गाड्यांना ती ५० ते ७५ किलोच्या आसपास असते, आणि त्यात कॅरियर आणि टपावरची पेटी यांचं स्वतःचं वजनही धरायचं असतं. म्हणजे पेटी-कॅरियरच वीस-पंचवीस किलोचं असेल तर सामानाला उरलं काय ते बघा. टपावर हलकं आणि फुगीर न्यायचं, उदाहरणार्थ अंथरुणं. जड सगळं खाली, मागच्या सीटच्या पाठीला टेकवून. पाण्याचा २० लिटरचा कॅन म्हणजे २० किलो, तो डिकीच्या दाराशी ठेवायची वस्तू नव्हे.

टायरमध्ये भरलेल्या गाडीसाठी वेगळा दाब असतो. तो चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत मिळेल, आणि मोजायचा टायर थंड असताना. मागे वजन पडलं की गाडीचं नाक वर होतं आणि दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. पुष्कळ गाड्यांत झोत खाली आणायचं छोटं चाक स्टिअरिंगजवळ असतं. मला ते गाडी घेऊन सहा वर्षं झाल्यावर सापडलं, तेही समोरून येणाऱ्या प्रत्येकाने डिपर मारून माझा उद्धार केल्यानंतर.

आता किटली. मागच्या काचेजवळच्या फळीवर सुटी किटली ठेवली होती. रस्त्यात कुत्रं आडवं आलं, मी ब्रेक दाबला आणि किटली दोन मुलांच्या डोक्यांमधून येऊन पुढच्या काचेवर आदळली. वेग फार नव्हता. घरी येऊन हिशेब केला. ताशी ५० किलोमीटरच्या वेगातली गाडी आपटून अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर आतल्या वस्तूला तिच्या वजनाच्या जवळपास २० पट जोर येतो. दोन किलोची किटली मग ४० किलोची. सीटच्या पाठीच्या वर काही येऊ द्यायचं नाही, आणि आलंच तर मध्ये जाळी. मऊ पिशव्यावाल्या ताईंचं या बाबतीत बरं आहे.

बर्फपेटीची मालकीण

दुसऱ्या दिवशी दुपारीच बर्फाचं पाणी व्हायचं, म्हणून मी पेटीला दोष देत होते. दोष माझा होता. सहा लिटर कोमट पाण्याच्या बाटल्या मी त्यात गार करायला टाकत होते. ३० अंशांवरून ५ अंशांवर यायला त्या सहा बाटल्यांनी जवळजवळ दोन किलो बर्फ खाल्ला, म्हणजे निम्मी पिशवी बाटल्यांनीच संपवली.

बर्फ किती मोलाचा आहे ते असं बघा: शून्य अंशाचा किलोभर बर्फ वितळायला जी उष्णता लागते, तेवढ्यात तेच किलोभर पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापेल. मग हे धन बाटल्या गार करण्यात का उधळायचं? आता जे आत जाणार ते आदल्या दिवशीच फ्रिजमध्ये, आणि पेटीसुद्धा रात्रभर आतून गार करून ठेवते. सुट्ट्या चुऱ्याऐवजी पाण्याच्या बाटल्याच गोठवून नेते. मोठा गोळा चुऱ्यापेक्षा सावकाश वितळतो आणि वितळला की प्यायला होतो. बाटली काठोकाठ भरायची नाही, गोठताना पाणी फुगतं. वर उरलेल्या पोकळीत टॉवेल कोंबायचा.

प्यायच्या पाण्याची पेटी वेगळी. आमच्या पोरांनी एका तासात झाकण किती वेळा उघडलं ते मी एकदा मोजलं होतं. सोळा वेळा. खाण्याच्या पेटीला ते झेपत नाही. आत एक छोटा थर्मामीटर टाकलाय. पाच अंशांच्या वर गेला की नासणाऱ्या वस्तू आधी संपवायच्या. कच्चं मांस असेल तर घट्ट डब्यात आणि तळाला, म्हणजे गळलं तरी दुसऱ्या कशावर ठिबकणार नाही.

चमचेवाले

तीन दिवस, पाच माणसं, चमचा एकही नाही. बाकी सगळं होतं, अगदी दुर्बीणसुद्धा. झाडाच्या सालीने खाल्लं. एवढंच सांगायचं होतं.

रात्री डिकी उघडी ठेवणारे आम्ही

डिकी हेच आमचं स्वयंपाकघर. दार वर, त्याच्या आडोशाला शेगडी, आतल्या दिव्याचा उजेड फुकट. रात्री दहापर्यंत असं मस्त चाललं. सकाळी चावी फिरवली तर नुसतं टक-टक. बारीकसा दिवा म्हणून दुर्लक्ष केलं होतं, त्यात दोन फोन आणि एक पंखा गाडीवरच चार्जिंगला. जवळच्या तंबूतल्या गृहस्थांनी जंपर केबल दिली म्हणून सुटलो. आता केबल आमचीही आहे, आणि डिकीचा दिवा बंद करून तिथे बॅटरीचा कंदील टांगतो. टॉर्चबद्दल एक युक्ती: पिशवीत दाबलं जाऊन बटण आपोआप चालू होतं आणि हवा तेव्हा टॉर्च मेलेला सापडतो. एक सेल उलटा घालून ठेवा.

दोन नातवंडांची आजी

मुलगा म्हणाला, चार माणसांचा तंबू घेतलाय, आपण चारच. चार माणसांचा म्हणजे चार पथाऱ्या खांद्याला खांदा लावून, हे तिथे गेल्यावर कळलं. बॅगा कुठे? पायाशी. पाय कुठे? विचारू नका.

थंडीचं म्हणाल तर मी तीन पांघरुणं घेतली आणि तरी कुडकुडले. फुगवायच्या साध्या गादीत नुसती हवा असते, ती आतल्या आत फिरते आणि अंगाची ऊब जमिनीला देऊन टाकते. वरून कितीही घाला, गारवा खालून येतो. तिसरं पांघरूण गादीवर, माझ्या अंगाखाली टाकलं तेव्हा कुठे डोळा लागला. आता फोमची घडीची चटई गादीखाली असते. मॅटवर 'आर' असा एक आकडा लिहितात. तो जितका जास्त तितकी खालची थंडी कमी, आणि दोन मॅट एकावर एक टाकल्या तर आकड्यांची बेरीज होते. हे मला नातीने सांगितलं.

त्याच पहाटे शेगडीही पेटेना. नळकांड्यात ब्यूटेन होता आणि तो शून्याच्या जरा खालीच द्रवाचा वायू व्हायचं थांबवतो. मुलगा म्हणाला, शेगडी तंबूत घेऊ, आत ऊब आहे. मी चक्क ओरडले. बंद जागेत पेटलेल्या शेगडीतून कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला ना वास ना रंग. नळकांडं स्वेटरमध्ये गुंडाळून काखेत धरून बसलो, मग बाहेरच चहा झाला.

पंधरा वर्षांची, कोणी विचारलं नाही तरी

आईबाबांची यादी दोन पानी आहे आणि ती फक्त बाबांच्या फोनमध्ये आहे. म्हणजे बाबा आंघोळीला गेले की आम्हाला काहीच सापडत नाही. मी ती कागदावर उतरवून डिकीच्या दाराच्या आतून चिकटवली. कुठली वस्तू कुठल्या पिशवीत आणि ती भरायची कोणी, एवढंच. माझा भाऊ सात वर्षांचा आहे, तर त्याच्यासाठी चित्रं काढली. तो खुंट्या मोजतो. तो मोजायला लागल्यापासून एकही हरवली नाही, कारण एक जरी कमी असली तरी तो गाडीत बसत नाही.

आणि टॉर्चवाल्या काकू, डोक्याला लावायचे टॉर्च घ्या, प्रत्येकाला एक. निघतानाच गळ्यात. दुपार असली तरी.

परतीच्या सामानाबद्दल

जाताना सगळे हौशी असतात, परत येताना कोणी पिशवीकडे बघत नाही. ओला तंबू आम्ही एकदा तसाच माळ्यावर टाकला. चार महिन्यांनी उघडला तर बुरशीचे काळे ठिपके, आतला थर चिकट झालेला आणि वास असा की धाकटीने नाक धरून घोषणा केली, "मी गाडीत झोपणार." पाणी अडवणारा तो थर ओलाव्याने कुजतो. एकदा चिकट झाला की तंबू गेलाच. आता ओला तंबू त्याच्या मूळ पिशवीत घालायच्या भानगडीतच पडत नाही, तसाही मावत नाही. एक मोठं पोतं वेगळं नेतो, आणि घरी पोचलो की त्याच दिवशी तंबू पडद्याच्या दांडीवर. स्लीपिंग बॅगाही दाबून ठेवायच्या नाहीत, कपाटात सैल.

आणखी एक. सामान परत ठेवताना तीन ढीग करतो. वापरलेलं, न वापरलेलं, आणि तिसरा ढीग कागदावर, म्हणजे न्यायला हवं होतं ते. दुसऱ्या ढिगातल्या वस्तू दोन सहलींत हलल्या नाहीत तर त्या पुढच्या वेळी घरीच. प्रथमोपचाराची पेटी, दुरुस्तीची चिकटपट्टी आणि जंपर केबल यांना यातून सूट. आमची घडीची खुर्ची क्रमांक पाच अशीच बाद झाली. माणसं चार आहेत, हे लक्षात यायला तीन वर्षं लागली.

पुन्हा मी, टॉर्चवाली

सगळं वाचून काल रात्री तालीम घेतली. हॉलमध्ये चिकटपट्टीने डिकी आखली, सामान रचलं, चिठ्ठी लावली, आणि सगळे दिवे घालवून धाकट्याला सांगितलं, ताडपत्री आणून दे. मी काहीच बोलायचं नाही असं ठरलं होतं. अंधारात खुसपूस, एकदा काहीतरी पडल्याचा आवाज, मग "सापडली!" घड्याळ पाहिलं तर चाळीस सेकंद. त्याने आणली ती मात्र माझी साडीची पिशवी होती.

तिला आता रंग लावतेय.