बुद्धिबळात डी-फोरला उत्तर काय? किंग्ज इंडियनवाल्यांनो, पोरांवर दया करा

गंगापूररोडकर: काल इथे कुणीतरी लिहून गेलं की डी-फोरविरुद्ध (पांढऱ्याचं वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे) काळ्याने डोळे मिटून किंग्ज इंडियन (घोडा एफ-सिक्स, जी-सिक्स, उंट जी-सेव्हन, डी-सिक्स) खेळावं, 'थिअरी, म्हणजे सुरुवातीच्या खेळ्यांचं पाठांतर, लागत नाही, समोर काहीही असो, त्याच चार खेळ्या.' डोकंच फिरलं. पांढरा डी-फाइव्ह रेटून सी-फाइव्हच्या मागे लागतो, तुम्ही तिकडे एफ-फोर, जी-फाइव्ह करत त्याच्या राजावर धावता. एक खेळी वाया गेली की डाव गेला. आणि म्हणे थिअरी नाही! १९९७ मध्ये क्रामनिकने बी-फोरवाल्या लाइनमध्ये जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवलं, त्यानंतर कास्पारोव्हनेही हे ओपनिंग जवळपास सोडलं. बाराशे रेटिंगच्या पोराला क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड (पांढऱ्याच्या सी-फोरला डी-फाइव्ह, ई-सिक्सने उत्तर) शिकवा. १९२७ ला जगज्जेतेपदासाठी कापाब्लांका-आलेखाइन ३४ डाव झाले, त्यातले ३२ हेच.

सिडकोचा उंट: ते ३२ डाव आठ वर्षांच्या पोराला दाखवा आणि ते किती वेळ जागं राहतं सांगा. ई-सिक्स केलं की सी-आठचा उंट जेलात. स्लाव्ह का नाही? सी-सिक्स करा, उंटाची वाट मोकळी.

गंगापूररोडकर: पांढऱ्याने डी-फाइव्हवर मारामारी केली की ई-सिक्सचं प्यादं उठतं, उंट आपोआप सुटतो. आणि एक्स्चेंज स्लाव्ह, म्हणजे प्यादी बदलून सपाट झालेला डाव, काय थ्रिलर आहे का?

पंचवटी६४: कुठल्या जगात आहात दोघं? बाराशेला सी-फोर खेळतंय कोण! रविवारच्या रॅपिड स्पर्धेला जाऊन बघा, ओळीने लंडन (सी-फोर न करता उंट एफ-फोरला, ठरलेला सेटअप). २०२३ ला डिंगने नेपोविरुद्धचा (नेपोम्नियाची) जगज्जेतेपदाचा सहावा डाव लंडनने काढला, तेव्हापासून तर विचारूच नका.

नाशिकरोडची आई: लंडन का, ते मी सांगते. क्लास! एकच सेटअप घोटून घ्यायचा, पोरगं लगेच टूर्नामेंटला, एंट्री फी वेगळी, 'अ‍ॅडव्हान्स बॅच' वेगळी. आमच्याकडे फी वाढली आणि हातात आली ती झेरॉक्स. मुलीला 'उंट एफ-फोरला का?' विचारलं, तर म्हणे सरांनी सांगितलं.

कोच_सातपूर: ताई, जागेचं भाडं तुम्ही भरता का? एंडगेम, म्हणजे डावाचा शेवट, शिकवत बसलो की दोन महिन्यांत फोन येतो, 'ट्रॉफी कधी?' आपल्या नाशिकच्या विदित गुजराथीने २०२३ ला ग्रँड स्विस स्पर्धा जिंकली आणि नाशिकच्या प्रत्येक घरात कॅंडिडेट्सचा (जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी स्पर्धा) खेळाडू जन्माला आला.

नाशिकरोडची आई: ट्रॉफी मी कधी मागितली? पावती मागितली होती, तीही मिळाली नाही.

कोच_सातपूर: माझ्या क्लासची नाही ना? मग माझ्यावर कशाला?

सिडकोचा उंट: पावतीचा धागा वेगळा काढा हो. काळे मोहरे कुणाला आठवतायत का अजून?

पंचवटी६४: लंडनला लवकर सी-फाइव्ह, मग वजीर बी-सिक्स. बी-टूचं प्यादं सांभाळता सांभाळता पाठांतर संपतं. माझ्या पुतण्याने तेवढ्यावर एका काकांना रडवलंय.

जी-सिक्स_भक्त: कालची पोस्ट माझी होती. डी-सिक्स, ई-फाइव्ह केलं की लंडनचा उंट पळत सुटतो. म्हणजे किंग्ज इंडियनचीच मांडणी चालली ना? कबूल करा.

गंगापूररोडकर: लंडनपुरतं कबूल, महाराज. सी-फोर आला की मात्र कास्पारोव्हला विचारून घ्या.

जी-सिक्स_भक्त: तो बाराशेच्या गटात खेळत नाही.