झडतीत डबल मिनिंग? त्याला श्लेष म्हणू नका

जुना मास्तर: झडती म्हणजे पोळ्याला तोरणाखाली बैल उभे करून म्हणतात त्या ओळी. ‘यंदा पोळ्याच्या झडतीत डबल मिनिंग दणकून येऊ द्या, श्लेष आपली परंपराच आहे’ ही आपल्या गटावरची कालची पोस्ट वाचून राहवलं नाही. श्लेषात शब्द एकदाच येतो आणि दोन्ही अर्थ वाक्यात पुरते बसतात. ‘देव अन् कास्तकार, दोघंही भावाचे भुकेले.’ भक्तीही बसते, कापसाचा भावही. ‘भाव’ काढून ‘दर’ घाला, ओळ मेली. म्हणून हा शब्दश्लेष. शब्द दोनदा आणून अर्थ फिरवला तर ते यमक. तुमच्या त्या डबल मिनिंगच्या ओळींत पहिला अर्थ नुसता पडदा असतो, घाण लपवायला. तोरणाजवळ बाया-लेकरं उभी असतात, हे तरी ध्यानात ठेवा!

पराटीवाला: मास्तर, झडती वहीत लिहाची गोष्ट नोहे. ढोल वाजून रायला असते, एका दमात समजलं पायजे. वऱ्हाडीत श्लेष कानातून होते, आमी ‘ळ’चा ‘य’ करतो. ‘काया मातीत गेली जिनगानी.’ काळी माती बी तेच, शरीर मातीत गेलं बी तेच. तुमी ‘काळ्या’ लिवलं की खतम.

झाडीचा गडी: तुमच्या वऱ्हाडात ‘काया’चा श्लेष जमत असेल. आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीबोलीत ‘ळ’चा ‘र’ होतो, ‘काळा’चा ‘कारा’. तिथं ‘काया’ म्हणजे फक्त शरीर. वऱ्हाडी म्हणजे अख्खा विदर्भ नाही, किती वेळा सांगायचं?

पराटीवाला: मंग काय ‘ळ’ लिहून आमची बोली पुसाची? नाटकात गडीमानसाच्या तोंडी हसवाले तेवढी चालते, छापाले नाई चालत. थे नाई खपवून घेनार.

झाडीचा गडी: पुसा कोण म्हणतं? तुमचं तुम्ही लिहा, आमचं आम्ही. ‘शुद्ध’ करून कोणीच छापू नका.

जुना मास्तर: बोलीला मी कुठं अडवलं? मूळ मुद्दा धरा. मराठीत क्रियापद श्लेषाची चुगली करतं. ‘माळ सुकली’ म्हणजे गळ्यातली, ‘माळ सुकला’ म्हणजे गावाबाहेरचा. ‘माळ सुकेल’ म्हणा, दोन्ही टिकतात. ‘चार गुरं’ कागदावर दुहेरी दिसतं, पण आकड्यातला ‘चा’ वेगळा, चारण्यातला वेगळा. तोंडाने म्हटलं की फुटतं.

पराटीवाला: ‘सुकेल’चं पटलं. पन ‘काया’ तुमी मानाच.

जुना मास्तर: मानलं. ‘काया मातीत’ अस्सल आहे, लिहून दाखवता येत नाही एवढंच. म्हणून यंदा ओळी गटावर लिहून टाकू नका, आवाजात पाठवा. आणि पोस्टमधली ती घाण ओळ कुठल्याच बोलीत नको.