मदत हवी आहे: ऑलिव्हची मर आणि ट्रायकोडर्मा

ऑलिव्हच्या काही झाडांची एकाच बाजूची फांदी वाळतेय. पानं गळत नाहीत, गुंडाळी होऊन तशीच लटकून राहतात. लॅबचा रिपोर्ट: व्हर्टिसिलियम डाहली (मर रोगाची बुरशी). फायटोफ्थोरा (मूळकूज करणारा रोगजंतू) नाही, निचरा चांगला, ठिबक आहे. आधी तिथे कापूस होता, त्यालाही ही मर लागते, तेव्हा बुरशी जमिनीतलीच असणार.

वाळलेल्या फांद्या छाटून जाळल्या, नत्र कमी केलं, शेणखतातून ट्रायकोडर्मा हार्जियानम (रोगाच्या बुरशीला रोखणारी मित्रबुरशी) दिला. फरक नाही. (रोगाची बुरशी खोडात शिरल्यावर ट्रायकोडर्मा मुळाशी देऊन कितपत उपयोग, ही शंका आहेच.) बाग सेंद्रिय आहे, रासायनिक आळवणी सुचवू नका.

मेलेल्या झाडांच्या जागी उन्हाळ्यात प्लास्टिक अंथरून माती तापवून नवी रोपं लावायची आहेत. ट्रायकोडर्मा प्लास्टिक काढल्यावर खड्ड्यात द्यावा, की रोपांच्या मुळांना नर्सरीतच? आणि सोबत स्युडोमोनास फ्लुरोसन्स (उपयुक्त जिवाणू) चालेल, की दोन्हींत अंतर ठेवावं लागतं?