डिटेक्टरने निघालेला धातूचा कचरा: कुठे ठेवायचा, कुठे द्यायचा?

मूळ प्रश्न – हिरवळ

नव्याने मेटल डिटेक्टर घेतलेल्यांसाठी सूचना लिहून काढतोय. खड्डा बुजवायला हवा हे सगळ्यांना पटतं, घोडं अडतं ते निघालेल्या कचऱ्यावर. कॅनच्या कड्या, पत्र्याची बुचं, फॉइल, खिळे सरळ झुडपात भिरकावले जातात, नाहीतर त्याच खड्ड्यात परत टाकले जातात. तेव्हा तीन शंका: कचरा सोबत ठेवायची सोयीची पद्धत कोणती? शिसं, बॅटऱ्या, सुया, काडतुसं निघाली तर काय करायचं? आणि डिस्क्रिमिनेशन (ठरावीक धातूंचे सिग्नल गाळणारी सेटिंग) चढवून कचरा खणणंच टाळलं तर चालेल का?

प्रतिसाद – खुरपं

शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो. कॅनची कडी आणि सोन्याची बारीक अंगठी यांची वाहकता इतकी जवळजवळ असते की बहुतेक मशीनवर दोघांचा आकडा एकाच पट्ट्यात येतो. कड्या गाळल्या तर अंगठ्याही गेल्या. म्हणजे कचरा निघणारच, तो न्यायची तयारी आधीच ठेवा.

कमरेला दोन कप्प्यांचं पाउच लावा. चांगल्या वस्तूंचा कप्पा चेनचा, कचऱ्याचा मोठा आणि खाली जाळी असलेला, म्हणजे माती गळून जाते. साधी प्लास्टिकची पिशवी नको, खिळे ती तासाभरात फाडतात आणि काढलेला कचरा वाटेवर सांडत जातो.

हिरवळीवर गवताचा चौकोन तीन बाजूंनी कापा, चौथी जोडलेलीच ठेवा. निदान ८–१० सेंमी खोल कापलं तर मुळं मातीसकट येतात आणि गवत जगतं. सुटी माती कापडावर काढा. वस्तू हाती आली की खड्डा आणि कापडावरची माती, दोन्ही पिनपॉइंटरने (नेमकी जागा दाखवणारा हातातला छोटा डिटेक्टर) पुन्हा तपासा. फॉइल आणि गवत कापायच्या यंत्राने चिंध्या केलेला कॅनचा पत्रा खणताना हमखास फाटतो. उरलेला तुकडा सिग्नल देत राहतो आणि पुढचा माणूस तिथेच पुन्हा खणतो. कचरा खड्ड्यात परत टाकला तरी हेच होतं. कडक उन्हाळ्यात, जमीन कोरडी असताना हिरवळीवर खणूच नका. कापलेली मुळं पुन्हा धरत नाहीत आणि आठवडाभरात पिवळे चट्टे दिसतात.

प्रतिसाद – तांबं-पितळ

धोक्याच्या वस्तूंबद्दल.

शिसं: पांढरट भुकटी धरलेला, आकाराच्या मानाने जड तुकडा. कोरडा घासू नका, धूळ श्वासात जाते. वेगळ्या पिशवीत ठेवा, काही खाण्यापूर्वी साबणाने हात धुवा. घरी वितळवायच्या फंदात तर अजिबात पडू नका.

बॅटऱ्या: पाउचमध्ये खिळ्यांना घासून शॉर्ट होऊ शकतात, लिथियम असेल तर पेट घेतात. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून त्या वेगळ्या ठेवा आणि ई-कचऱ्यात द्या. बटण सेल कधीही जमिनीवर सोडू नका. लहान मुलाने गिळला तर काही तासांत अन्ननलिका भाजते.

सुया: हातमोजे सुई अडवत नाहीत. रुंद तोंडाची, जाड प्लास्टिकची, फिरकीच्या झाकणाची बरणी सोबत हवी. बरणी हातात न धरता जमिनीवर ठेवा, सुई चिमट्याने उचलून टोकाकडून आत सोडा. सुईवर टोपण बसवायला जाऊ नका. भरलेली बरणी जैववैद्यकीय कचरा घेणाऱ्या ठिकाणीच द्या.

काडतुसं: टोकाला गोळी बसलेली असेल तर जिवंतच समजा. तोफगोळा, हातबॉम्ब किंवा ओळख न पटणारं गंजकं नळकांडं दिसलं की खणणं तिथेच थांबवा, हात लावू नका. आल्या वाटेने मागे या, लांबूनच खूण करा आणि पोलिसांना कळवा. हा ‘कचरा’ पाउचमध्ये घालून नेऊ नये.

हिरवळ

दोघांचेही आभार. शेतात वेगळं काही पाळायचं का? तिथे पत्र्याचे तुकडे बांधावर ठेवून जातात.

प्रतिसाद – नांगरट

बांधावर ठेवणं हे सगळ्यांत वाईट. गाय चारा निवडून खात नाही. तार किंवा खिळा तिच्या जठराच्या जाळीदार कप्प्यात जाऊन बसतो, आणि तो कप्पा आकुंचन पावताना भिंत भेदून हृदयाच्या बाजूला घुसू शकतो. पशुवैद्य पोटात लोहचुंबक सोडतात, पण चुंबक फक्त लोखंड धरतो. कॅनचे अॅल्युमिनियमचे तुकडे त्याला चिकटत नाहीत, म्हणून तेही तितकेच जीवघेणे.

निघताना मालकाला चांगल्या वस्तूंबरोबर कचराही दाखवा आणि तो तुम्हीच घेऊन जा. पुढच्या वेळची परवानगी बऱ्याचदा त्या पिशवीवर ठरते.

एक अपवाद. एकाच जागी हाताने घडवलेले चौकोनी खिळे, धातू वितळवताना निघणारा मळ, खापरं असं एकत्र निघू लागलं तर तो कचरा नाही. तिथे वस्तू कुठे आणि किती खोल होत्या यालाच महत्त्व आहे. हात थांबवा, जागा टिपा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा.

प्रतिसाद – खुरपं

घरी आल्यावरचं राहिलं. कचरा वाळू द्या, चाळणीवर माती झटका, मग वरून चुंबक फिरवा. लोखंड वेगळं होतं (पत्र्याची बुचंही त्यातच येतात). उरलेल्यातून अॅल्युमिनियम, पितळ-तांबं आणि शिसं हाताने निवडा. भंगारवाला मिसळलेल्या मालाला सगळ्यांत स्वस्त धातूचा भाव लावतो किंवा घेतच नाही. फॉइल सुटी देऊ नका, मुठीएवढा गोळा करा, बारीक तुकडे वर्गीकरणाच्या यंत्रातून गळून जातात. आणि पाउच अधूनमधून उलटं करून धुवा, तळाशी शिशाची भुकटी साचते.