शब्दचर्चा : ‘अंधाराचा वेग’ असं म्हणता येईल का?

शाहूपुरी दुसरी गल्ली

कोल्हापुरातल्या एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी फलक करायचा आहे. सुचवलेला मथळा : ‘अंधाराचा वेग किती?’ यावरून दोन तट पडलेत. एका बाजूचं म्हणणं, अंधार म्हणजे उजेड नसणं. जे मुळात नाही त्याला वेग कुठून येणार? दुसरी बाजू म्हणते, सावली सरकते, रात्र येते, मग वेग का नको? मराठी म्हणून हा प्रयोग बसतो का आणि विज्ञान म्हणून टिकतो का, दोन्ही सांगा. फलक लहान आहे, उत्तर चार ओळींत मावायला हवं.

बोरूबहाद्दर

आधी अंधार कोणती क्रियापदं घेतो ते बघू. अंधार पडतो, होतो, दाटतो, पसरतो, सरतो, फिटतो. मिट्ट असतो, किर्र असतो, गुडुप असतो. यात तो कुठे धावत नाही की चालत नाही. ‘पडणे’ हे क्रियापद फसवं आहे. थंडी पडते, दुष्काळ पडतो, प्रश्न पडतो, तसाच अंधार पडतो. वरून खाली येणारं काही नसतं, स्थिती पालटलेली असते. ‘सांजावलं’, ‘अंधारून आलं’, ‘झाकोळलं’ यात तर कर्ताच नाही.

‘अंधाराचा वेग’ व्याकरणाने चुकीचा नाही, षष्ठी कशालाही लागते. अडचण अर्थाची आहे. ‘हिवाळ्यात अंधार लवकर पडतो’ हे वाक्य घ्या. इथे ‘लवकर’ म्हणजे आधीच्या वेळेला. ‘भरभर’ असा त्याचा अर्थ नाही. कोल्हापुरात नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो आणि जुलैच्या सुरुवातीला सात वाजून दहा मिनिटांच्या आसपास. म्हणजे ‘लवकर’ सव्वा तासाने बदलतं. पण मावळल्यापासून सूर्य क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंत, म्हणजे बाहेर बसून पेपर वाचता येणं बंद होईपर्यंत, बाराही महिने २२ ते २४ मिनिटंच लागतात. ‘भरभर’मध्ये पडणारा फरक दोन मिनिटांचा. ‘अंधाराचा वेग’ म्हणताना बहुतेकांच्या मनात या दोन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात.

तर्कट

हा वाद शाळेच्या समितीत पहिल्यांदा झालेला नाही. न्याय-वैशेषिक या जुन्या भारतीय दर्शनांच्या पंडितांनी द्रव्यं, म्हणजे जगातले मूळ पदार्थ, नऊ मानली : पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश, काल, दिक्, आत्मा, मन. कुमारिल भट्टांच्या परंपरेतल्या मीमांसकांचा, म्हणजे मीमांसा या दुसऱ्या दर्शनाच्या पंडितांचा, आक्षेप असा की तम, म्हणजे अंधार, हे दहावं द्रव्य मानायला हवं, कारण त्याला रंग दिसतो आणि ते हलताना दिसतं. ‘नीलं तमश्चलति’, निळसर काळा अंधार चालतोय, अशी प्रतीती सगळ्यांनाच येते. ज्याच्या ठायी रूप आणि क्रिया आहे ते द्रव्य, हा त्यांचा हिशोब.

नैयायिकांचं, म्हणजे न्यायदर्शनवाल्यांचं, उत्तर ‘तर्कसंग्रह’ या ग्रंथावरच्या ‘दीपिका’ टीकेत थोडक्यात मिळतं. रूप असलेलं द्रव्य डोळ्यांनी दिसायला उजेड लागतो. अंधार मात्र उजेड नसतानाच दिसतो, म्हणून तो रूपवान द्रव्य असू शकत नाही. वस्तू उजळवू शकेल अशा भरपूर तेजाचा सरसकट अभाव म्हणजे तम. मग ‘चालतोय’ हे काय? तो भ्रम. हलतो तो दिवा, किंवा दिव्याआड आलेली वस्तू. ती गती आपण अंधारावर लादतो.

समितीतल्या पहिल्या गटाला हे दाखवा, खूश होतील.

चाल वेग त्वरण

तर्कट, नैयायिकांच्या उत्तराला एक पुरवणी लागते. हलणाऱ्या वस्तूची गती सावलीवर लादली असं म्हटलं की दोन्ही वेग सारखे असल्यासारखं वाटतं. ते सारखे नसतात. दिव्यापासून पुठ्ठा ३० सेंमीवर आणि भिंत ३ मीटरवर असेल तर भिंतीवरची कड पुठ्ठ्याच्या १० पट वेगाने सरकते. भिंत दूर न्या, पट वाढत जाते. आणि या वाढीला वरची मर्यादा नाही.

टोकाचं उदाहरण : चंद्र ३,८४,४०० किमीवर, त्याचा व्यास ३,४७४ किमी, आपल्याला दिसतो अर्धा अंश रुंदीचा. लेझरचा झोत त्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सेकंदाच्या शंभराव्या भागात फिरवला, तर उजेडाचा ठिपका सेकंदाला ३,४७,४०० किमी धावला. प्रकाशाचा वेग सेकंदाला २,९९,७९२.४५८ किमी. म्हणजे ठिपका पुढे गेला! त्यासाठी मनगट सेकंदाला ५० अंश या गतीने वळवावं लागतं, ते कोणालाही जमेल. ठिपक्याऐवजी झोतात काडी धरून सावली फिरवली तरी गणित तेच.

यात आइनस्टाइनचा कोणताही नियम मोडत नाही. चंद्राच्या डाव्या कडेवरचा उजेड उजव्या कडेवर गेलेला नसतो. दोन्हीकडचे किरण हातातून वेगवेगळ्या क्षणी निघालेले असतात. पिकाला पाणी देताना पाईप झटकन फिरवला की पाण्याची रेघ बांधावरून सर्रकन जाते, पण प्रत्येक थेंब आपापल्या सरळ वाटेनेच आलेला असतो, तसं. डाव्या कडेवरचा माणूस त्या सावलीत बदल करून उजवीकडच्याला निरोप देऊ शकत नाही. ज्यातून निरोप जात नाही त्याच्या वेगाला मर्यादा लागू नाही.

शाहूपुरी दुसरी गल्ली

सर, मग फलकावर ‘अंधार प्रकाशापेक्षा वेगवान’ असं लिहू का?

चाल वेग त्वरण

अजिबात नको. ती आडवी चाल झाली, कडेची. उभी चाल वेगळी. दिवा विझला की शेवटचा किरण प्रकाशाच्याच वेगाने निघून जातो आणि त्याच्या पाठोपाठ, त्याच वेगाने, अंधार येऊन पोहोचतो. सूर्य या क्षणी विझला तर आपल्याला ८ मिनिटं २० सेकंदांनी कळेल.

आणि गंमत म्हणजे प्रकाशाला वेग आहे हे माणसाला पहिल्यांदा पटलं ते अंधाराच्या वेळा मोजताना. गुरूचा आयो हा चंद्र साडेबेचाळीस तासांत एक फेरी मारतो आणि प्रत्येक फेरीत गुरूच्या सावलीत शिरून दिसेनासा होतो. पृथ्वी गुरूच्या जवळ जात असते तेव्हा ही ग्रहणं अपेक्षेपेक्षा आधी दिसतात, दूर जाताना उशिरा. पॅरिसच्या वेधशाळेत ओले रोमर यांनी याचं कारण ओळखलं. ९ नोव्हेंबर १६७६ ला आयो सावलीतून बाहेर पडताना दिसला तो आधीच्या हिशोबाहून दहा मिनिटं उशिरा. पृथ्वीच्या कक्षेचा व्यास ओलांडायला प्रकाशाला २२ मिनिटं लागतात असा त्यांचा अंदाज होता. आजचा आकडा साधारण १६ मिनिटं ४० सेकंद. आकडा चुकला, तत्त्व बरोबर निघालं.

(९ नोव्हेंबर ही तारीख कोल्हापूरकरांना वेगळ्याच कारणाने पाठ असते. त्याकडे येतोच.)

गगनबावडा

लेझर, चंद्र सगळं खरं हाय, पण पोरं म्हणणार कोल्हापुरात काय दिसतंय ते सांगा. तर रात्रीची कड धरा. पृथ्वी विषुववृत्तावर तासाला १,६७० किमी वळते. आपला अक्षांश १६.७, त्यानं ते कमी होऊन १,६०० किमी उरतात. सेकंदाला साधारण ४४४ मीटर. आवाजाहून जास्त की! ही कड पूर्वेकडनं पश्चिमेला जाते. २१ मार्च किंवा २३ सप्टेंबरच्या आसपास धरलं तर सूर्यास्त आधी सोलापुरात, तिथनं साडेसहा-पावणेसात मिनिटांनी आपल्याकडं, आणि पुढं पावणेचार मिनिटांनी रत्नागिरीत. रेखांशाच्या एका अंशाला ४ मिनिटं, एवढंच गणित. इतर महिन्यांत कड तिरकी असते, मग अक्षांशाचाही फरक धरावा लागतो, नुसत्या रेखांशावर भागत नाही.

आणि बोरूबहाद्दर, तुमचा अंधार ‘पडतो’, आमचा चढतो. पन्हाळ्यावर तासभर थांबून बघा. आधी खालचं खोरं काळवंडतं, उजेड गडाच्या कड्यावर शेवटपर्यंत राहतो. ४०० मीटर उंचीला, पश्चिम मोकळी असली तर, सूर्य अडीच मिनिटांच्या आसपास जास्त दिसतो. पश्चिमेला सह्याद्रीच्या रांगा आडव्या आल्या की हा हिशोब हलतो. सूर्य गेला की लगेच पाठ फिरवून पूर्वेला बघायचं. क्षितिजालगत निळसर करडा पट्टा आणि त्याच्यावर गुलाबी पट्टा. तो करडा म्हंजे पृथ्वीची सावली, हवेवर पडलेली. सूर्य जेवढा खाली जातो तेवढी ती वर येते. दहा-पंधरा मिनिटांत कड पुसट होऊन जाते. हवेत धूळ लई असली तर पट्टा दिसतच नाही; पावसानंतरची धुतलेली हवा सगळ्यात बरी.

चाल वेग त्वरण

उत्तम. आता ९ नोव्हेंबर. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव परंपरेने ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी या दिवसांचा. मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात आणि मूर्तीच्या चरणांपासून वर मुखापर्यंत चढतात. ‘किरण चढले’ म्हणतात ते अचूक आहे, कारण सूर्य खाली जाताना किरण आडवे होतात आणि झरोक्याच्या किंवा दाराच्या वरच्या चौकटीने ठरवलेली उजेडाची वरची कड आत वर सरकते.

वेग काढता येतो. त्या तारखांना कोल्हापुरात मावळताना सूर्याची उंची मिनिटाला ०.२२८ अंशाने घटते. मग चौकटीपासून दर १० मीटर अंतरामागे कड मिनिटाला ४ सेंमी चढते. ५० मीटर अंतर असेल तर २० सेंमी. इतकी सावकाश की डोळ्यांनी पाहता येते. वाटेत क्षितिजाजवळ ढग, धूर किंवा नवं बांधकाम आलं तर किरण मध्येच तुटतात, कारण शेवटच्या मिनिटांत सूर्य क्षितिजापासून अंश-दीड अंशच वर असतो आणि एवढ्या खालच्या कोनात दूरची लहानशी इमारतही पुरते.

प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की मिनिटाला २० सेंमी आणि सेकंदाला साडेतीन लाख किमी, दोन्ही एकाच जातीचे वेग आहेत : उजेड-अंधाराच्या कडेचे. कोन फिरण्याची गती किंवा अंतर बदललं की आकडा बदलतो. म्हणून ‘अंधाराचा वेग किती’ याला एक आकडा नाही.

बोरूबहाद्दर

म्हणजे ‘कड’ हा शब्द सापडला तर भांडण मिटतं. कडेला वेग असायला हरकत नाही, ती भौमितिक रेघ आहे. ‘सावली कलली’, ‘सावली सरकली’ असं आपण म्हणतोच, कारण सावलीला आकार असतो आणि कड असते. अंधाराला कड नसते, म्हणून तो पसरतो किंवा दाटतो. भाषेने हा भेद आधीच केलेला आहे. मथळा लिहिणाऱ्याने तो पुसला.

तर्कट

नैयायिकांना ‘कड’ही भ्रमच वाटेल, पण फलकावर तेवढं खपून जाईल.

गगनबावडा

फलकाशेजारी प्रयोग ठेवणार असाल तर ऐका, नाहीतर ऐनवेळी फजिती. दिवा म्हणून मोबाईलचा टॉर्च घ्या, ट्यूबलाईट नको, तिनं कड उमटतच नाही. पुठ्ठा दिव्याला चिकटवून धरू नका. टॉर्चचं तोंड ५ मिमीचं, पुठ्ठा ५ सेंमीवर आणि भिंत ३ मीटरवर धरली तर पट ६० मिळते खरी, पण कडेची पुसट पट्टी ३० सेंमी रुंद होते. सावली कुठं संपली तेच कळत नाही. पुठ्ठा ३० सेंमीवर धरा : पट १०, पुसट पट्टी साडेचार सेंमी. हात सेकंदाला ३० सेंमी चालवला तर भिंतीवर सेकंदाला ३ मीटर. मोबाईलनं सेकंदाला ३० चौकटींचं चित्रण केलं तर दर चौकटीत सावली १० सेंमी पुढं. भिंतीवर १० सेंमीच्या खुणा मारून ठेवा, पोरांना मोजता येतं.

सेन्सर लावणार असाल तर एलडीआर (उजेडानं विद्युतरोध बदलणारा सेन्सर) घेऊ नका. स्वस्त मिळतो पण उजेड पडल्यावर दहा-बारा मिलिसेकंदांत जागा होतो, आणि अंधार झाल्यावर पुरता सावरायला सेकंदभरही घेतो. आपल्याला नेमका अंधारच मोजायचाय! फोटोडायोड किंवा फोटोट्रान्झिस्टर लावा.

आणखी एक. पोरं विचारतील, बटण बंद केल्यावर खोलीत अंधार व्हायला किती वेळ? उजेड १० मीटरची खोली ३३ नॅनोसेकंदांत ओलांडतो, भिंतींवर आपटून आपटून संपायलाही मायक्रोसेकंदाच्या आतच वेळ लागतो. आपल्याला जो उशीर दिसतो तो दिव्याचा असतो. जुन्या बल्बची तार निवायला वेळ घेते, एलईडीच्या आतला कपॅसिटर थोडा वेळ पुरवठा करतो. आणि बटण बंद करूनही एलईडी मिणमिणत राहिला तर बटणात फेजऐवजी न्यूट्रल तोडलेला असतो, नाहीतर बटणावरच्या बारक्या इंडिकेटरमधनं करंट जात असतो. वायरमनला दाखवा.

शाहूपुरी दुसरी गल्ली

मसुदा असा केलाय :

‘सावलीची चाल किती? दिवा विझला की अंधार प्रकाशाच्याच चालीने पोहोचतो : सेकंदाला सुमारे ३ लाख किमी. पण सावलीची कड कितीही चालीने सरकू शकते. कोल्हापुरावरून रात्रीची कड तासाला १,६०० किमी चालीने जाते. समोरच्या भिंतीवर तुम्ही स्वतः मोजा.’

चाल वेग त्वरण

चालेल. दिशा सांगितलेली नाही तिथे ‘चाल’ घेतलीत हे पाठ्यपुस्तकाला धरून झालं. फक्त ‘कितीही’च्या पुढे ‘प्रकाशापेक्षाही जास्त’ घाला आणि त्याखाली लहान अक्षरात ‘पण तिच्यातून निरोप पाठवता येत नाही’. ही ओळ गाळली तर परीक्षक पहिला प्रश्न त्यावरच विचारतील.

बोरूबहाद्दर

आणि ‘१,६०० किमी चालीने’ नको. ‘ताशी १,६०० किमी’ लिहा, तिथे ‘चालीने’ची गरज नाही. बाकी छापायला द्या.